आहार : नेहमीप्रमाणे

प्राणीघराच्या दाराला आतल्या बाजूनं एक पाटी होती. ‘लिहिलं नाही, ते घडलं नाही.’ पाटी सगळ्यांसाठी होती असं म्हणायची पद्धत होती, पण ती मावशीसाठी लावली होती हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी एका रविवारी एक गिनीपिग मेला. मावशीनं त्याला पिशवीत बांधून भट्टीकडे पाठवलं, पिंजरा धुतला, आणि वहीत लिहायचं तेवढं राहिलं. सोमवारी मोजणीत एक कमी भरला. मोठ्या डॉक्टरांनी चारचौघांत विचारलं, “मेला म्हणता, कशावरून?”

“मी पाहिला की.”

“तुम्ही पाहिलंत त्याला इथं अर्थ नाही. वही काय म्हणते?”

वही काहीच म्हणत नव्हती. दुसऱ्या दिवशी पाटी लागली आणि मावशीनं कानाला खडा लावला. तेव्हापासून वहीची एकही ओळ तिनं रिकामी सोडली नाही. तारीख, खोलीचं तापमान, पाणी, आहार, शेरा, सही. रकाने आखले होते कुण्या टेबलावरच्या माणसानं, त्यामुळे ‘शेरा’ हा रकाना वीतभर रुंद आणि ‘आहार’ हा नखाएवढा. नखाएवढ्या जागेत माणूस काय लिहिणार? मावशी लिहायची, ‘नेहमीप्रमाणे’. तेसुद्धा शेवटचा ‘णे’ खाली लोंबकळत ठेवून.

इमारतीत सगळेच तिला मावशी म्हणायचे. वरच्या मजल्यावरचे, पन्नाशीला टेकलेले, टक्कल पडलेलेसुद्धा. खरी भाची मात्र एकच, बारकी. बारकी म्हणजे आता चांगली सव्वीस वर्षांची, साडेपाच फूट उंचीची नर्स, पण घरात पडलेलं नाव उंचीबरोबर थोडंच वाढतं. ती सहा वर्षांची असताना तिची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, टीबीनं गेली. दीड वर्ष अंथरुणाला होती. औषधं लागू पडेनाशी झाली होती. मावशीनं तिला अंडी खाऊ घातली, दूध पाजलं, फळं कापून भरवली, आपल्या ताटातलं तिच्या ताटात सरकवलं. ताई खायची, हसायची, आणि वाळत जायची. ती गेली त्या दिवशी शेजारच्या बायांनी बारकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, “माय मरो पण मावशी जगो.” ज्यानं कुणी ही म्हण काढली त्याची माय मेलेली नसावी, आणि मावशीला तर त्यानं विचारलंच नसावं.

तर ही बारकी शिकून नर्स झाली आणि नेमकी छातीच्या, म्हणजे टीबीच्या वॉर्डात लागली. मावशी आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती हेच, की बदली माग. हा धोशा तिनं चार वर्षं लावला. दर वर्षी बारकीच्या छातीचा फोटो निघायचा, तो स्वच्छ यायचा, आणि तेवढ्यापुरता मावशीचा जीव भांड्यात पडायचा. अखेर बारकी वैतागली आणि तिनं बाळंतिणींच्या वॉर्डात बदलीचा अर्ज केला. तिथली एक जागा दीड वर्षानं रिकामी होणार होती.

त्याच सुमाराला खाली प्राणीघरात बहात्तर गिनीपिग आले.

प्रयोग सोपा होता, म्हणजे सांगायला सोपा. टीबीची जुनी लस आपण सगळे जन्मल्याबरोबर घेतो. ती लहानपणी बरी चालते आणि मोठेपणी मुकाट्यानं विरून जाते. तिला वरून जोर देणारी दुसरी लस, म्हणजे बूस्टर, मोठ्या डॉक्टरांनी अकरा वर्षं खपून तयार केली होती. ती माणसांना टोचली तर अपाय होत नाही, हे दुसरीकडे पाहून झालं होतं. गुण येतो का, ते इथं पाहायचं होतं. बहात्तरांचे तीन गट. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्याला जुनी लस आणि वरून नुसतं मिठाचं पाणी. तिसऱ्याला जुनी लस आणि वरून बूस्टर. काही महिन्यांनी सगळ्यांना टीबीचे जंतू हुंगवायचे आणि दहा आठवड्यांनी कुणाच्या फुप्फुसात किती जंतू उरले ते मोजायचं. पिंजऱ्यांवर निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या. कोणत्या पट्टीला काय टोचलं ते एका लिफाफ्यात, लिफाफा डॉक्टरांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात. मोजणाऱ्याला गट कळला की त्याची नजर पक्षपाती होते, म्हणून ही सगळी लपवालपवी. मावशीपासून काही लपवायचं असतं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती काय, पिंजरे धुणारी.

दुसऱ्यांदा टोचल्यावर आठवड्यानं मावशी वजनं करत होती. गिनीपिग उचलायचा म्हणजे एक हात छातीखाली आणि एक ढुंगणाखाली. पांढऱ्या पट्टीचा पहिलाच उचलला तर तिच्या बोटांना मांडीवर काहीतरी लागलं. वाटाण्याएवढी गाठ. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही. चोवीसच्या चोवीस पांढऱ्यांना गाठ, आणि निळ्या-पिवळ्यांत एकालाही नाही. मिठाच्या पाण्यानं गाठ येत नाही, हे कळायला काही वरच्या मजल्यावर बसावं लागत नाही. लिफाफा कपाटात बंद होता आणि त्यातली चिठ्ठी मावशीच्या बोटांनी वाचली होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

पण त्या दिवसापासून पांढरी पट्टी तिला निराळी दिसायला लागली. ही लस लागू पडली तर पुढं कुणाची ताई दीड वर्ष वाळत पडणार नाही, एवढं साधं तिच्या मनात आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. ही जिंकलीच पाहिजे. आणि लढायला निघालेल्याला कोरड्या पोटी कसं पाठवायचं? सगळ्यांना खाद्याच्या गोळ्या आणि कोबीचं एकेक पान ठरलेलं होतं, ते ती सगळ्यांना देतच होती. कुणाच्या तोंडचा घास काढायचा नाही, एवढं तिनं पक्कं केलं. फक्त घरून डब्यात ढोबळी मिरचीच्या फोडी आणायच्या आणि पांढऱ्यांना सकाळी दोन, संध्याकाळी दोन द्यायच्या. गिनीपिगच्या अंगात क जीवनसत्त्व बनत नाही, ते त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं, ही गोष्ट खुद्द डॉक्टरांनीच तिला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवली होती. ती तिच्या ध्यानात पक्की होती.

पांढरे तिची पावलं ओळखायला लागले. डब्याचं झाकण वाजलं की पिंजऱ्यांतून शिट्ट्या सुरू व्हायच्या. ती म्हणायची, “आले रे, आले. जरा दम धरा, मेल्यांनो.” मिरचीची साल चावताना त्यांच्या मिशा हलायच्या आणि मावशीला उगाच बरं वाटायचं. मग ती हात पुसून वही उघडायची. आहार : नेहमीप्रमाणे. त्यात खोटं काय होतं? रोज देत होती, म्हणजे नेहमीप्रमाणेच.

जंतू हुंगवल्यावर सगळे पिंजरे बंद खोलीत गेले. तिथं जायचं तर अंगभर पोशाख, तोंडावर मुखवटा, हातात दोन-दोन मोजे. वरचे लोक काचेतून बघायचे आणि काचेतूनच निघून जायचे. आत जाणारी मावशी. मिरचीच्या फोडी औषधी पाण्यात बुडवून कोबीबरोबर खिडकीच्या पेटीतून आत जायच्या. निळे वाळायला लागले, त्यांच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला. पिवळे बरे होते. पांढरे टुणटुणीत.

दहा आठवडे संपले आणि सगळ्यांनाच सुई देऊन झोपवलं. जिंकणाऱ्यालाही सुटका नसते, हा त्या खोलीचा कायदा. मावशी एकेकाला धरून देत होती. पांढऱ्यांपैकी शेवटच्यानं तिच्या हातमोज्याला तोंड लावून मिरची शोधली. तिनं मान फिरवली आणि टोचणाऱ्याला म्हणाली, “आवरा लवकर.”

टीबीचे जंतू भारी आळशी, बशीत उगवून ठिपक्याएवढे दिसायला तीन आठवडे घेतात. तीन आठवड्यांनी वरच्या मजल्यावर ठिपके मोजले गेले, लिफाफा फोडला गेला, आणि इमारतीत एकच कल्ला झाला. पांढऱ्या पट्टीच्या फुप्फुसांत पिवळ्यांच्या मानानं ठिपके जवळजवळ नव्हतेच. बूस्टर जिंकलं होतं. केक आणला. मावशीलाही बोलावलं, खुर्ची दिली, आणि डॉक्टरांनी आपल्या हातानं तिच्या बशीत तुकडा ठेवला. तिनं घरी जाऊन बारकीला सांगितलं, “माझे पांढरे जिंकले गं.” दोघी रडल्या. ताईच्या फोटोकडे बघून बारकी म्हणाली, “थोडी आधी यायला हवी होती ही लस.”

गोष्ट इथंच थांबली असती तर फार बरं झालं असतं. पण डॉक्टरांनी दोन दिवसांनी मोठ्या पडद्यावर तक्ते दाखवले, आणि त्यातला एक वजनांचा होता. ती वजनं मावशीनं घेतलेली. तीन रंगांच्या तीन रेघा. वजनाची रेघ मावशीला वाचता येत होती, तिचा जन्म त्यात गेला होता. जंतू दिल्याची तारीख मध्ये उभ्या काळ्या रेघेनं दाखवली होती. आणि पांढऱ्यांची रेघ त्या काळ्या रेघेच्या आधीच, चांगले चार महिने आधी, इतरांना सोडून वर निघाली होती.

जंतू आलेच नव्हते तेव्हा लस कुणाशी लढत होती? लस काही गिनीपिगला बाळसं आणत नाही. बाळसं आणलं होतं मिरचीनं. आणि जो आधीच धट्टाकट्टा तो जंतूंपुढं टिकला, तर टिकला कशामुळं?

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ती स्वतःशी म्हणाली. पण हसू आलं नाही.

त्यानंतर एक महिना ती गप्प राहिली. इथं तिची बाजू घ्यावीशी वाटते, पण घेता येत नाही. उद्या सांगू, डॉक्टर आज गडबडीत आहेत, परवा सांगू, असं करत महिना गेला. आपण म्हणतोय तसं नसेलही, अशी स्वतःची समजूत घालणं चालूच होतं. कुणी सहज “काय मावशी” म्हटलं तरी ती दचकायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एक दिवस बारकी ड्यूटीवरून आली ती उड्या मारतच.

“मावशी, बातमी! तुझी लस आमच्या वॉर्डात येतेय. माणसांवरची चाचणी. आधी वॉर्डातल्याच लोकांना देणार, कारण जंतू आम्हीच जास्त हुंगतो. मी नाव दिलं.”

“आणि बदली?”

“ती काढून घेतली. लस घेतली की दोन वर्षं त्याच वॉर्डात राहायचं, अशी अट आहे. नाहीतर त्यांना कळणार कसं, लागू पडली की नाही ते?”

“अर्ज काढून घेतलास? मला न विचारता?”

“तुला काय विचारायचं त्यात?” बारकी म्हणाली. “तुझ्याच पांढऱ्यांच्या भरवशावर काढला. घरात चार वर्षं तू बदली बदली करत होतीस ती आई गेली म्हणून. आता लस आहे. मग पळून कशाला जायचं?”

मावशीच्या हातात भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं, परत उचललं, आणि परत खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. बावीस वर्षांत ती त्या खोलीत खुर्चीवर बसली नव्हती. त्या दिवशी न सांगता बसली.

“सुट्टी हवीये का?” डॉक्टरांनी विचारलं. “घ्या की. तुमचा हक्क आहे आता.”

“पांढऱ्या पट्टीवाल्यांना मी जास्तीचं घालत होते.”

“काय?”

“ढोबळी मिरची. सकाळी दोन फोडी, संध्याकाळी दोन. प्रत्येकाला. शेवटपर्यंत.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “पांढऱ्यांनाच का?”

“तेच बूस्टरवाले, हे मला ठाऊक होतं. मांडीला गाठ लागायची. सुई दिल्यावर आठवड्यानं आली ती शेवटपर्यंत गेली नाही.”

उठून त्यांनी दार लावलं. मग टेबलावरचा कागद इकडचा तिकडं केला आणि म्हणाले, “वजनांचा तक्ता मीही पाहिला होता, मावशी. तुमच्या आधी. दोन दिवस मला अन्न गेलं नाही.”

“मग मला विचारलं का नाहीत?”

“विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. तुम्ही सांगितलं असतंत तर मला लिहावं लागलं असतं.”

एवढं बोलून त्यांनी कपाट उघडलं, तेच ते किल्लीचं कपाट, आणि प्राणीघराच्या तीन वह्या काढून तिच्यापुढं ठेवल्या. “वाचा. कुठलंही पान उघडा आणि वाचा.”

मावशीनं उघडलं. “आहार, नेहमीप्रमाणे.”

“पुढचं?”

“नेहमीप्रमाणे.”

“सही कुणाची?”

“माझी.”

“चौदा महिने. एक दिवस चुकलेला नाही. इतकी स्वच्छ वही मी आजवर पाहिली नाही, असं तपासणीवाले म्हणून गेले.” डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. “जास्तीच्या मिरचीबद्दल कुठं काही लिहिलंय?”

“नाही.”

“मग?”

मावशीला राग आला. इतकी वर्षं न आलेला सगळा एकदम आला. “मग काय? पाटी दाखवताय मला? मी माझ्या हातानं घातलंय. पुन्हा करा प्रयोग. नवे प्राणी आणा. मी हात लावणार नाही, मला काढून टाका, पण पुन्हा करा.”

“चौदा महिने पुन्हा. आणि तोवर लस कपाटात ठेवू? ती खरी असली तर? त्या चौदा महिन्यांत जे मरतील ते कुणाच्या वहीत लिहू?” डॉक्टर वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “तुमची मिरची की माझी लस, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. अकरा वर्षं, मावशी. एका डब्यातल्या फोडींनी अशी गत केलीत की खरं असलं तरी मला ते खरं म्हणता येऊ नये.”

तो आरोप खरा होता.

“तसंच लिहा मग,” ती अखेर म्हणाली. “सांगता येत नाही, असंच लिहा.”

“झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. माणसांच्या चाचणीत काय ते कळेलच.”

“माणसांत माझी भाची आहे.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर असं वाटलं की ते खुर्चीत बसतील आणि कागद ओढून घेतील. मग त्यांनी वह्या उचलल्या, एकावर एक नीट रचल्या, आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

घरी येऊन मावशीनं सगळं कागदावर उतरवलं. कधी सुरू केलं, किती फोडी, कोणत्या पिंजऱ्यांना, गाठ सोडून सगळं. गाठीचं तिनं लिहिलं नाही. कसं कळलं हा प्रश्न आपल्यापुरता, असं तिला वाटलं. दुपारी बारकी आली तेव्हा कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि ती समोर बसून राहिली.

बारकीनं दोनदा वाचला. नर्सच ती, कागद उलटा करून मागंही पाहिलं. “रोजच्या तारखा कुठायत? हे तू आज बसून लिहिलंस?”

“आठवून लिहिलं.”

“आठवून लिहिलेलं चालत नाही गं. आम्ही एक गोळी दिली आणि त्याच वेळी लिहिली नाही, तर ती दिलीच नाही म्हणतात. आणि हे बघ.” तिनं पिशवीतून चाचणीची पुस्तिका काढली. “इथं छापलंय. ‘सर्व गटांचा आहार आणि देखभाल एकसारखी होती.’ हे खरं की तुझं खरं?”

“माझं.”

“अर्ज तर गेलाच आता. ती जागा सोमवारी दुसरीला दिली. सुई उद्या आहे.” बारकीचा चेहरा हळूहळू लाल होत चालला होता. “महिनाभर तुला माहीत होतं? मी इथं रोज तुझ्या पुढ्यात बसून जेवत होते.”

“नाव मागं घे म्हणून तर सांगतेय. अजून नाही म्हण. सुई घेऊ नकोस.”

“नाही म्हटलं तरी वॉर्ड तोच राहणार ना? मग घेतलेली काय वाईट?”

बारकी उठून मोरीशी गेली, तोंड धुतलं, पुसलं, आणि परत आली तेव्हा तिचा आवाज बदलला होता. ती समजूत घालायला निघाली होती, पण शब्द तसे निघाले नाहीत.

“मावशी, एक सांग. आईला तू काय कमी घातलंस? अंडी, दूध, फळं. दीड वर्ष. स्वतः अर्धपोटी राहून घातलंस, मला आठवतंय. वाचली ती?”

“नाही.”

“मग तुझ्या चार फोडींनी गिनीपिग कसे वाचतील? खाऊ घालून टीबीतून माणूस वाचला असता तर माझी आई वाचली असती. म्हणजे लसच असणार. लसच आहे.”

वीस वर्षांत हे तिला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मावशीला वाटलं, हिला एक ठेवून द्यावी. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की देवा, हिचंच खरं असू दे. माझा एक घासही कधी कुणाच्या अंगी लागला नसू दे. ताईच्याही नाही, पांढऱ्यांच्याही नाही. मागू नये ते ती मागत होती आणि मागताना तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारकीनं सुई घेतली. चाचणीचा नियम इथंही तोच. अर्ध्यांना बूस्टर, अर्ध्यांना मिठाचं पाणी, कुणाला काय ते कुणालाच ठाऊक नाही, लिफाफा कपाटात. आल्या आल्या ती म्हणाली, “दुखलंसुद्धा नाही.”

पंधरा दिवस गेले. दोघींचं बोलणं पुन्हा सुरळीत झालं, म्हणजे भाजी आण, दार लाव, एवढं. एका सकाळी बारकी ड्यूटीला निघायची तयारी करत होती. केस बांधताना तिचे दोन्ही हात वर होते आणि तोंडात पिना होत्या.

“आमचा वॉर्डबॉय ठाऊक आहे ना, तो लांब्या?” ती पिनांमधून म्हणाली. “नुसता कुरकुरतोय. सुई घेतली तिथं त्याला वाटाण्याएवढी गाठ आलीय. हलत नाही, विरत नाही. दुसऱ्या पाळीच्या दोघींनाही तसंच. येता-जाता दंड चोळत बसतात. नाजूक जात सगळी.”

मावशीच्या हातातली सुरी थांबली.

“आणि तुला?”

“मला काय होतंय? मी पहिल्यापासून घट्ट. ये, बघ.” तिनं बाही वर केली आणि दंड पुढं केला.

मावशीनं हात पुसले. दंडाखाली डावा हात धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं सुईच्या जागेवर ठेवली, नंतर थोडं वर, थोडं खाली, मग हाडापर्यंत दाबून. ही बोटं कधी चुकलेली नव्हती. दंड गुळगुळीत होता. लहानपणी आंघोळ घालताना होता तितकाच.

“काय गं, इतकं काय शोधतेस?”

“काही नाही,” मावशी म्हणाली.

“बघ, म्हटलं नव्हतं?” बारकीनं बाही खाली ओढली आणि चपला शोधायला लागली. “काळजी सोड आता. दोन वर्षं म्हणजे काय, अशी जातील.”

मावशी ओट्याकडे वळली. सांगायचं तर काय सांगायचं? तुला नुसतं पाणी टोचलंय, असं? बदलीची जागा गेलेली, वॉर्ड तोच, खोकणारे तेच. असलेला धीर तेवढा काढून घ्यायचा आणि तिला तिथंच पाठवायचं. आणि सांगितलं तरी बारकी विचारणार, कशावरून? लिहिलंय कुठं?

तिनं टोपलीतून आणखी एक ढोबळी मिरची घेतली. बिया काढल्या, फोडी केल्या, आणि डब्यात भाजीच्या शेजारी जागा करून दाबून बसवल्या. मग आणखी दोन. झाकण लागेना, तेव्हा तळहातानं रेटून लावलं.

“डब्यात काय आहे?” दारातून बारकीनं विचारलं.

“नेहमीप्रमाणे,” मावशी म्हणाली, आणि डबा तिच्या हातात दिला.